वाचकांचे प्रश्न : जमिनीच्या कागदांतून व्हर्जिनियातलं घराणं शोधताना

मुलाबाळांची लग्नं अमेरिकेत झाली की व्याह्यांची वंशावळही आपल्या घरात येते. ती इंग्रज वसाहतीच्या काळापर्यंत नेता येईल का, असं विचारणारे निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक प्रश्न व्हर्जिनियाचे आहेत, म्हणून उत्तरांचा भरही तिकडेच आहे.

प्रश्न : सुनेच्या माहेरी सांगतात, की त्यांचा मूळ पुरुष १६५३ मध्ये व्हर्जिनियात उतरला. पुरावा म्हणून त्या सालच्या एका जमीन-पट्ट्याच्या शेवटी असलेली नावांची यादी दाखवतात. हे ग्राह्य धरायचं का?
(वाचक, रिचमंड)

उत्तर : त्या यादीत ते नाव आहे, एवढंच सिद्ध होतं. व्हर्जिनियात १६१८ पासून ‘हेडराइट’ची पद्धत होती. एखाद्याच्या समुद्रप्रवासाचा खर्च जो उचलेल, त्याला त्या डोईमागे ५० एकर जमीन मिळे. त्यासाठी आधी काउंटी कोर्टात शपथेवर माणसं आणल्याचं सांगायचं आणि दाखला घ्यायचा. दाखला वसाहतीच्या सचिवाच्या कचेरीत देऊन हक्क मिळवायचा, काउंटीच्या मोजणीदाराकडून जमीन मोजून घ्यायची आणि शेवटी गव्हर्नरच्या सहीचा पट्टा. माणूस उतरल्यापासून पट्टा निघेपर्यंत कित्येकदा वर्षं जात.

मधल्या काळात हा हक्क विकताही येत असे, आणि तो सर्रास विकला जाई. त्यामुळे यादीतला माणूस आणि पट्टाधारक यांची आयुष्यात भेटही झाली नसेल. जहाजाचे कप्तान आणि व्यापारी आपल्या प्रत्येक फेरीचा हक्क मागत, म्हणून एकच नाव चार पट्ट्यांत दिसतं. तेव्हा १६५३ चा अर्थ ‘फार तर १६५३ पर्यंत’ असा घ्या, आणि तोही हा माणूस तुमचाच असेल तर. काउंटी कोर्टाच्या हुकूमवहीत मूळ दाखला सापडला तर तारीख आणखी मागे जाते.

पुढचा दुवा त्याच काउंटीत शोधा. खर्च दुसऱ्याने केला होता म्हणजे तो माणूस बहुधा करारबद्ध नोकर होता. चार ते सात वर्षं राबल्यावर सुटका, आणि त्यानंतर कुठे साक्षीदार, कुठे खंडकरी, कुठे छोटा जमीनदार म्हणून नाव यायला हवं. मधली वीस-तीस वर्षं पूर्ण कोरी असतील आणि मग त्याच नावाचा कोणी शंभर मैलांवर उगवत असेल, तर ते नाव वंशावळीत पेन्सिलीनेच लिहिलेलं बरं. १६९९ पासून पाच शिलिंग भरून ५० एकरांचा हक्क थेट सरकारातून विकत मिळू लागला. त्यानंतरच्या पट्ट्यांत या याद्या हळूहळू दिसेनाशा होतात.

प्रश्न : ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर आडनाव टाकलं तर ओहायो, इंडियाना येतं, व्हर्जिनियाचं एकही नाव येत नाही. जमीनच नव्हती असं समजायचं का?
(वाचक, पुणे)

उत्तर : नाही. ते संकेतस्थळ संघराज्य सरकारने दिलेल्या जमिनींचं आहे. मूळच्या १३ वसाहती, शिवाय मेन, व्हरमाँट, केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया, टेक्सास आणि हवाई या वीस राज्यांत जमीन त्या त्या वसाहतीने किंवा राज्याने दिली. व्हर्जिनियाचे पट्टे रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत आणि त्यांच्या प्रतिमा फुकट पाहता येतात. पोटोमॅक आणि रॅपाहॅनॉक या नद्यांच्या मधला मुलूख, ज्याला नॉर्दर्न नेक म्हणतात, तो फेअरफॅक्स घराण्याकडे होता. त्याच्या वह्या वेगळ्या आहेत, त्या वेगळ्या चाळा.

प्रश्न : मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. जावयाच्या पूर्वजांच्या पट्ट्यात ‘पांढऱ्या ओकपासून उत्तर ३० पूर्व, १२० पोल’ अशी हद्द आहे. सर्व्हे नंबर नाही, गट नाही. याचा नकाशा काढता येतो का?
(वाचक, सातारा)

उत्तर : तुम्हाला तर सहज येईल. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. रॉड आणि पर्च ही त्याचीच दुसरी नावं. गंटर साखळी ६६ फुटांची, म्हणजे चार पोलांची. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे बरोबर दोन पोल. त्यामुळे १६० चौरस पोलांचा एकर हा आपल्याच ४० गुंठ्यांचा एकर आहे.

‘उत्तर ३० पूर्व’ म्हणजे तोंड उत्तरेकडे करून पूर्वेकडे ३० अंश वळायचं. समजा, पुढचे टप्पे ‘दक्षिण ६० पूर्व १६० पोल’, ‘दक्षिण ३० पश्चिम १२० पोल’ आणि ‘तिथून आरंभापर्यंत’ असे आहेत. कागदावर आयत उमटतो, १२० गुणिले १६० म्हणजे १९,२०० चौरस पोल, म्हणजे १२० एकर. पट्ट्यातला आकडा याच्या जवळ असेल तर वाचन बरोबर. प्रत्यक्षात जमीन जास्त आणि कागदावर कमी हा प्रकार वारंवार आढळतो. क्विटरेंट नावाचा सारा दर ५० एकरांना वर्षाला एक शिलिंग होता, तेव्हा जास्तीचे एकर कागदावर आणण्याची घाई धारकाला नसे.

आकृती अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या १:२४,००० नकाशाच्या मापात काढा. त्या मापात १०० पोल म्हणजे जवळजवळ २१ मिलिमीटर. पारदर्शक कागदावर काढून नकाशावर सरकवत न्या. जुने कोन होकायंत्राचे आहेत आणि चुंबकीय उत्तर सरकत असते, म्हणून सगळी आकृती काही अंशांनी फिरवावी लागेल. फिरवताना आधार ओढ्याचा घ्या. ‘ओढ्याच्या वळणांनी खाली’ असा टप्पा असेल तर तिथे सरळ रेघ मारून ठेवा, खरं वळण नकाशावरून घ्या. ओढ्यांची नावं मात्र बदललेली असतात.

आकृती मिटत नसेल तर उरलेली फट मोजा. फटीची लांबी आणि दिशा एखाद्या टप्प्याशी जुळली, तर नकलनविसाने तेवढाच आणखी एक टप्पा गाळला आहे किंवा दोनदा लिहिला आहे. फट नेमकी उत्तर-दक्षिण असेल, तर कुठेतरी ‘उत्तर’च्या जागी ‘दक्षिण’ पडलं आहे. अशा वेळी फटीची लांबी त्या टप्प्याच्या उत्तरेकडच्या चालीच्या दुप्पट भरते, त्यावरून चुकीचा टप्पा ओळखता येतो. एक आणि सात यांची गल्लत तर नेहमीची.

हे सगळं करायचं ते लगतदारांसाठी. आपल्या खरेदीखतात चतुःसीमा असते तशीच इथेही ‘अमक्याच्या कोपऱ्याला लागून’, ‘तमक्याच्या रेषेने’ अशी नोंद असते. शेजारचे सात-आठ पट्टे काढून आकृत्या एकमेकींना जोडल्या, की गावाचा नकाशा तयार होतो. माणसं लग्नं याच नकाशातल्या घरांत करत आणि पश्चिमेकडे जातानाही याच शेजाऱ्यांबरोबर जात.

प्रश्न : एकाच काउंटीत एकाच नावाचे तीन जॉन आहेत. जन्माची नोंद नाही, लग्नाची नाही. बाप कोण, मुलगा कोण, हे कशावरून ठरवायचं?
(वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : नावाचा नाद सोडा आणि जमिनीच्या तुकड्याचा पाठलाग करा. तिथे सातबारा नाही. आज कब्जा कुणाचा, हे सांगणारा उतारा कुठलीच कचेरी देत नाही. फक्त दस्त नोंदवलेल्या वह्या आहेत. म्हणून तक्ता तुम्हीच करायचा. दर तुकड्याला एक ओळ, तीत एकर, ओढा, लगतदार, तुकडा आला कोणत्या दस्ताने आणि गेला कोणत्या दस्ताने. तिन्ही जॉनचे तुकडे वेगळे झाले की जॉनही वेगळे होतात. नावापुढे ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ लावलेलं पाहून बाप-लेक ठरवू नका. त्या काळी चुलता-पुतण्या किंवा नातं नसलेले दोन गाववालेही वयावरून असे ओळखले जात. थोरला वारला की ज्युनियर आपोआप सीनियर व्हायचा.

तक्त्यातली सगळ्यात मोलाची ओळ कोणती, तर जिथे ‘गेला’ आहे पण ‘आला’ नाही. एखाद्याने जमीन विकली आणि ती विकत घेतल्याचा दस्त कुठेच नाही, तर चार शक्यता तपासा. तो मूळ पट्टाधारक असेल. मृत्युपत्राने मिळाली असेल. बायकोच्या माहेरची असेल. ती असेल तर दस्तात नवरा-बायको दोघंही विकणारे म्हणून येतात. चौथी शक्यता वारसाहक्काची. व्हर्जिनियात १७८६ संपेपर्यंत बाप मृत्युपत्र न करता मेला तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई, आणि त्याला कुठलीही फेरफार नोंद लागत नसे. कागद नसणं हाच इथे नात्याचा धागा ठरतो. मॅसॅच्युसेट्समध्ये हे तर्कट चालणार नाही. तिथे सगळ्या मुलांना वाटा मिळे, थोरल्याला दुप्पट.

पुढचा विक्रीदस्त शब्द न शब्द वाचा. ‘ही जमीन माझ्या आजाला अमक्या तारखेच्या पट्ट्याने मिळाली’ असं एक वाक्य तीन पिढ्या जोडून देतं. याउलट मृत्युपत्रात थोरल्याचं नाव नाही म्हणून त्याला बेदखल समजू नका. त्याचा वाटा आधीच बक्षीसपत्राने दिलेला असू शकतो. बक्षीसपत्राची खूण म्हणजे किमतीच्या जागी ‘नैसर्गिक माया आणि ममता’.

खंडकरी म्हणून चुकीचे नोंदले गेलेले पूर्वजही पुष्कळ आहेत. तेव्हा विक्री दोन दस्तांत होई. पहिल्या दिवशी पाच शिलिंगांना एक वर्षाचा भाडेपट्टा, दुसऱ्या दिवशी खऱ्या किमतीचा मुक्तिदस्त. सूची पाहणारा पहिल्यावर थांबतो आणि मालकाला कूळ करून टाकतो. वहीचं पान उलटा, दुसरा दस्त लगेच पुढे असतो.

बायकोचा माग डॉवरमधून लागतो. नवऱ्यामागे विधवेला जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याचा हयातीपुरता हक्क होता. म्हणून विक्रीच्या वेळी कोर्ट तिला नवऱ्यापासून वेगळं विचारून तिचं हक्कसोडपत्र नोंदवत असे. १७४० च्या दस्तात सारा आणि १७४६ च्या दस्तात मेरी दिसली, तर मधल्या काळात दुसरं लग्न झालं असणार. हक्कसोडपत्र नाही म्हणून माणूस अविवाहित, असं मात्र म्हणता येत नाही. ते घ्यायचं राहून जाई, किंवा वर्षांनी वेगळ्या पानावर नोंदलं जाई.

वयाचा अंदाजही दस्त देतात. जमीन विकायला २१ पूर्ण लागत. अज्ञान मुलाला १४ व्या वर्षी स्वतःचा पालक निवडता येई.

जमिनीला ‘एन्टेल’ लागलेली असेल, म्हणजे ती फक्त वंशजांकडेच जावी अशी अट असेल, तर तुमचं भाग्य थोर. १७७६ मध्ये ही पद्धत रद्द होईपर्यंत अशी जमीन विकायला विधानसभेचा खास कायदा लागे. १७३४ पासून २०० पौंडांच्या आतल्या जमिनीला कोर्टाच्या चौकशीवर भागे. दोन्ही ठिकाणी जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते सांगावंच लागे.

प्रश्न : मृत्युपत्र १२ नोव्हेंबर १७३० चं, आणि ते कोर्टात सिद्ध झालं ३ फेब्रुवारी १७३० ला. माणूस आधी मेला आणि मग त्याने मृत्युपत्र लिहिलं?
(वाचक, नाशिक)

उत्तर : १७५१ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७३१ चा. १ जानेवारी ते २४ मार्चमधली प्रत्येक तारीख १७३०/३१ अशी जोडसालाने उतरवा, मूळ आकडा पुसून दुरुस्त करू नका. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या कागदात महिन्यांना नावांऐवजी क्रमांक असतात. त्यांचा १७५२ पूर्वीचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ आली, तेव्हा त्या महिन्यातलं अंतर मोजताना ११ दिवस वजा करा.

प्रश्न : आमचा शोध बकिंगहॅम काउंटीत अडला. कोर्टहाउस १८६९ मध्ये जळालं, दस्तांच्या वह्या गेल्या. आता काही उपाय?
(वाचक, शार्लट्सव्हिल)

उत्तर : बरेच आहेत, फक्त ते त्या इमारतीबाहेर आहेत. आधी काउंटीचीच वंशावळ काढा. बकिंगहॅम १७६१ मध्ये अल्बमार्लमधून निघाली, अल्बमार्ल १७४४ मध्ये गूचलंडमधून, गूचलंड १७२८ मध्ये हेन्रायकोमधून. माणूस घरचा हलला नाही तरी त्याचे कागद चार कोर्टांत असू शकतात. १७५० चा दस्त अल्बमार्लमध्ये शोधायचा, १७४० चा गूचलंडमध्ये. कोणत्या तारखेला हद्द कुठे होती, ते शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीच्या ऐतिहासिक काउंटी-नकाशांवर कळतं.

मूळ पट्टे वसाहतीच्या राजधानीत नोंदले जात, ते शाबूत आहेत. १७८२ पासून जमिनीच्या कराच्या वार्षिक याद्या होत आणि एक प्रत राजधानीला जाई. त्यामुळे काउंटीची प्रत जळाली तरी राज्याची उरली. या याद्या एका बैठकीत सलग वर्षांच्या पाहा. १५० एकरांवरचं एक नाव नाहीसं झालं आणि पुढच्या वर्षी तेवढेच एकर दुसऱ्या नावावर चढले, तर हस्तांतर तिथे झालं. एका नावाचे ३०० एकर मोडून तीन नावांवर शंभर-शंभर झाले, तर मागे बहुधा वाटणी आहे. नावापुढे ‘इस्टेट’ आलं की माणूस वारला.

त्याच्याही आधीच्या काळासाठी चर्चच्या पॅरिश मंडळाच्या वह्या आहेत. कायद्याने दर चार वर्षांनी शेजाऱ्यांनी मिळून बांध चालून झाडांवरच्या खुणा ताज्या करायच्या असत, आणि कोण कुणाच्या बांधावर हजर होतं ते वहीत उतरे. १७०४ ची साऱ्याची यादी नॉर्दर्न नेक वगळून व्हर्जिनियाच्या जमीनधारकांची नावं एकत्र देते. मात्र बकिंगहॅमच्या भागात तेव्हा इंग्रजांची वस्ती पोहोचलेलीच नव्हती, तेव्हा ती पूर्वेकडच्या मूळ गावासाठी वापरा. हॅनोव्हरसारख्या काउंट्यांची गोष्ट निराळी. त्यांनी यादवी युद्धात वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून रिचमंडला पाठवल्या आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडच जळालं.

प्रश्न : हीच पद्धत पेनसिल्व्हेनिया आणि कनेक्टिकटला चालेल का?
(वाचक, बंगळूर)

उत्तर : तर्क तोच, कपाटं वेगळी. पेनसिल्व्हेनियात वसाहतीचे मालक असलेल्या पेन घराण्याच्या जमीन-कचेरीची पाच पावलं होती, ती म्हणजे अर्ज, मोजणीचा हुकूम, मोजणी, मोजणीचा अहवाल आणि पट्टा. कागद हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. १७३२ नंतर बराच काळ १०० एकरांना साडेपंधरा पौंड दर होता. लोक हुकूम घेऊन जमीन कसू लागत आणि पट्ट्याचे पैसे टाळत. पट्टा मग तीस-चाळीस वर्षांनी नातू किंवा परका खरीददार काढी. तेव्हा मूळ हुकूमदारापासून सगळी साखळी त्यात लिहावी लागे, म्हणून तो उशिराचा पट्टा आवर्जून काढा. जर्मन आडनावं इंग्रजी झालेली असतात. मोजणीतला त्सिमरमान पट्ट्यात कार्पेंटर होतो.

कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये दस्त काउंटीत नसून गावच्या टाउन क्लार्ककडे असतात, मॅसॅच्युसेट्समध्ये काउंटीत. मेरीलँडमध्ये दर तुकड्याला स्वतःचं नाव असे, म्हणून तिथे आडनावापेक्षा तुकड्याच्या नावाने शोधणं सोपं जातं. न्यूयॉर्कच्या हडसन खोऱ्यातले शेतकरी बरेचसे रेन्सेलरविकसारख्या जहागिरींची कुळं होती. त्यांची खरेदीखतं मिळणार नाहीत, भाडेपट्टे आणि खंडाच्या वह्या पाहाव्या लागतात.

प्रश्न : मुलाचा मित्र आफ्रिकी-अमेरिकी आहे. गुलामगिरीत असलेल्यांना जमीनच नव्हती, मग हे कागद त्याच्या काय कामाचे?
(वाचक, अटलांटा)

उत्तर : फार कामाचे. माणसांची विक्री, गहाण आणि बक्षीसपत्रं याच दस्तवह्यांत नोंदलेली आहेत, पण सूचीत नाव फक्त मालकाचं असतं. १७०५ च्या व्हर्जिनियातल्या कायद्याने गुलामांना वारसाहक्कापुरतं स्थावर ठरवलं. त्यामुळे माणसं जमिनीसोबत थोरल्या मुलाकडे जात. म्हणजे जमिनीचा वारस सापडला की त्या कुटुंबाचा पुढचा ठावठिकाणाही सापडू शकतो.

सुरुवात १८७० च्या जनगणनेपासून करा. मुक्त झालेल्या लोकांची नावं बहुसंख्येने पहिल्यांदा तिथे आली. त्या घराच्या आसपासचे जुने जमीनमालक काढा, त्यांच्या दस्तांत आणि मृत्युपत्रांत पहिली नावं आणि वयं जुळवत मागे जा. आडनाव मालकाचंच असेल असं धरू नका. आणि जमीनच नव्हती हेही सरसकट खरं नाही. अँथनी जॉन्सन या स्वतंत्र कृष्णवर्णीयाला १६५१ मध्ये व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावर पाच हेडराइटांवर २५० एकरांचा पट्टा मिळाला होता.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर (खातं फुकट आहे) जुन्या हस्तलिखित दस्तांचा पूर्ण मजकूर आता शोधता येतो. छापील सूचीत न येणारे साक्षीदार, लगतदार आणि गुलामगिरीतली नावं तिथे हाती लागतात. नुसतं ‘हॅना’ टाकलं तर ढीग येईल, म्हणून मालकाचं आडनाव, ओढ्याचं नाव आणि काउंटी सोबत द्या. जुना लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो. जेसी हे नाव ‘जेफसी’ म्हणून, आणि जॉनचं ‘जेएनओ’ हे लघुरूप म्हणूनही टाकून पाहा. निकाल आला की मूळ पानाची प्रतिमा उघडा. काही प्रतिमा फक्त संलग्न ग्रंथालयातूनच दिसतात, तेव्हा जायच्या आधी वही आणि पान क्रमांक उतरवून घ्या.